आज घरात काय वाजतंय?

कानांनी वर्ग घेणारा मास्तर मी उभ्या सोलापुरात एकच पाहिला, आणि तो स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचा. काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठी आमच्या कॉलेजने स्टाफरूममधूनच ऑनलाइन वर्ग सुरू केले, तेव्हा आम्ही बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी मुलांचे माईक बंद केले आणि सुखाने शिकवू लागलो. या सरांना ते जमेना. पडद्यावर नुसत्या काळ्या चौकटी आणि त्यांत नावं. ‘ही काय मतदारयादी हाय व्हय?’ म्हणत त्यांनी सगळ्यांना माईक उघडायला लावले. हजेरीला ‘हजर सर’ म्हटलेलं त्यांना चालत नसे, घरात काय वाजतंय ते सांगायचं. कुणाचा कुकर, कुणाची म्हैस. होटगीच्या पोराच्या मागून मालगाडी जायची. सर अर्थशास्त्र थांबवून ती पुरती जाऊ देत आणि विचारत, ‘आज लई लांब होती रे, काय भरलं होतं?’ तिथून वाहतुकीचा खर्च निघायचा, तिथून बाजारभाव. अभ्यासक्रम मागे पडायचा, पण प्रत्येक पोराला वाटायचं, सर आपल्याच घरात बसलेत. त्या गोंगाटाने माझं मात्र डोकं उठायचं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगायची.

भवानी पेठेतल्या पद्माच्या मागे यंत्रमाग खडखडायचा. तिचं निम्मं बोलणं त्यात बुडायचं. एका सकाळी तिचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं. मला बरं वाटलं. सर मात्र बोलता बोलता थांबले.

‘पद्मा, माग का बंद हाय गं?’

‘काही नाही सर,’ ती म्हणाली आणि वर्गातून गेली. पुढे आलीच नाही.

आठवडाभर वाट पाहून सर तिच्या घरी निघाले आणि मलाही ओढून नेलं. वडिलांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं होतं. मागावर धूळ बसू लागली होती. पद्मा आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.

‘हात मोकळे नाहीत सर,’ ती म्हणाली. ‘तुमची हजेरी तोंडी, पण तुमच्या प्रश्नाला उत्तर टाईप केलं नाही तर कॉलेज गैरहजेरी लावतं. मी सोडते शिक्षण.’

सर फरशीवर तिच्यासमोर बसले. ‘हात विडीला दे, कान मला दे. उत्तर तोंडानं सांग की. बाकीचं मी बघतो.’

पद्मा परत आली. सर विचारायचे, आधी पान कापणाऱ्या कात्रीचा आवाज यायचा, मग उत्तर. पण प्राचार्यांच्या पडद्यावर ती रोज गैरहजरच दिसे, आणि परीक्षेला बसता येणार नाही असं ठरत आलं. तेव्हा सरांनी प्राचार्यांनाच हाताला धरून आमच्या टेबलाशी आणलं आणि पद्माला एक अवघड प्रश्न टाकला. कात्री वाजली. उत्तर आलं, नेटकं, उदाहरणासकट. ‘आता हिला गैरहजर म्हणून दावा,’ सर म्हणाले. प्राचार्यांनी हजेरीपट मागवून घेतला. पद्माचं नाव परीक्षेच्या यादीत आलं.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. शेवटचा वर्ग त्यांनी पहिल्यांदाच घरून घेतला. एरवी त्यांच्या मागचा गोंगाट आमचाच असायचा. हजेरी संपल्यावर पद्माने विचारलं, ‘सर, तुमच्या घरात काय वाजतंय?’

सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

‘काई न्हाय बाळ,’ सर म्हणाले. ‘म्हणून तर तुमचं ऐकत बसतो.’

कात्री थांबली. होटगीची गाडीसुद्धा तेव्हा नेमकी आली नाही. मीही त्या दिवशी त्यांचा वर्ग लावून ऐकत होते, मला रडू आलं.

पद्मा पास झाली. माग मात्र थांबला तो थांबलाच.

आता तो वर्ग माझ्याकडे आहे. मी माईक बंद करत नाही. डोकं अजूनही उठतं. वर्ग संपला की सरांचा फोन येतो, आज काय काय वाजलं म्हणून, आणि मी म्हशीपासून सगळं सांगते. परवा मीच विचारलं, ‘आणि तुमच्याकडे?’

‘थांबा,’ म्हणत त्यांनी फोन लांब धरला. स्वयंपाकघरात कुणीतरी चहाची भांडी आदळत होतं.

‘पद्मा आलीया,’ सर म्हणाले. ‘लई गोंगाट करती.’