ढिल्या खाचांचा फळा

चाकूरच्या मकबूल सुताराला आपल्या हातचा सांधा ढिला म्हटलेलं खपत नसे. तिफण असो, वखर असो की नवरीचा पाट, त्यानं दोन लाकडं जुळवली की मध्ये केस शिरायचा नाही. कौतुक केलं तर "हाव" म्हणून बिडी पेटवी, खोड काढली तर मात्र घुम्म होऊन बसे. गावाला हे ठाऊक होतं, म्हणून खोड कुणी काढतच नसे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला आणि काही वर्षांतच पाऊस रुसला. तिकडे कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या, इकडे विहिरी तळ दाखवत होत्या. पेरणीच नाही तर तिफण कोण जुळवून घेणार? मकबूलचा मुलगा आणि सून धर्माबादच्या मिरची बाजारात कामाला गेले आणि त्यांची सहा वर्षांची खातून आजा-आजीजवळ राहिली. खातून जन्मापासून बोलत नव्हती. हाक मारली तरी वळत नसे. गावानं तिला येडी ठरवून टाकलं होतं. असले निकाल द्यायला गावाला वेळ लागत नाही. आजी हुसेनबी तिला भरवी, न्हाऊ घाली आणि "हिचं नसीबच तसलं" म्हणून डोळे पुसत बसे. मकबूलला वाटे, पोरीची नजर काही येड्याची नाही. पण आजाचं म्हणणं कोण धरतो?

अशात महानंदाबाईंची ट्रंक चाकूरच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून खाली आली, आणि तीही कुणी उतरवण्याआधीच. बाई उदगीरच्या, औरंगाबादेत मानसशास्त्र शिकलेल्या. नव्या जिल्ह्यात मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. वर्गात मागे पडलेलं पोर खरंच मंद आहे, की त्याला दिसत-ऐकू येत नाही, की सकाळपासून पोटात काही नाही, हे बघत त्या गावोगाव हिंडत. ट्रंकेत एक लाकडी फळा होता, तो पडून दुभंगला. लोकांनी त्यांना सरळ मकबूलच्या दारात नेऊन उभं केलं.

फळ्यात गोल, चौकोन, चांदणी अशा खाचा होत्या आणि त्या त्या आकाराचे सुटे ठोकळे. पोरानं ठोकळे जागच्या जागी बसवायचे, बाईंनी घड्याळ लावून बघायचं. एवढंच. बोलता न येणारं पोरसुद्धा ही चाचणी देऊ शकतं, असं बाई म्हणाल्या. मकबूलनं तुटका फळा उलटासुलटा करून बघितला आणि मनात म्हणाला, बनवणारा कच्चा होता. किती ढिलं काम!

त्यानं सागवानाचा नवा फळा केला. ठोकळे असे चपखल की फळा उपडा धरला तरी एक खाली पडेना. बाई खूश होऊन घेऊन गेल्या आणि आठवड्याभरात परत आल्या.

"चाचा, तुमच्या फळ्यानं अख्खी तिसरी मंद ठरवली की."

मकबूल घुम्म. बाईंना गावाची रीत ठाऊक नव्हती. त्या तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या, हुसेनबीनं दिलेलं पाणी प्यायल्या आणि शांतपणे सांगू लागल्या. पोरांना चांदणी कुठं जाते ते कळत होतं, पण ठोकळा आत जाईना. पोरं दाबून दाबून रडकुंडीला आली आणि घड्याळ पळत राहिलं. "मला त्यांच्या मनगटातली ताकद मोजायची नाही चाचा. त्यांना आकार ओळखू येतो का, तेवढंच बघायचंय. फळ्यानं मध्ये लुडबूड केली की चाचणी खोटं बोलते, आणि त्या खोट्याचा शिक्का पोराच्या कपाळी बसतो."

जन्मभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तीच आड आली होती. मकबूलला वाईट वाटलं, फळ्याचं नाही, त्या पोरांचं. तो उठला आणि कानस घेऊन बसला.

आता ढिलं करायचं तरी किती? त्याच्या हाताला सगळंच सोपं जाई. म्हणून त्यानं खातूनला समोर बसवलं. ठोकळा अडला की ती त्याच्याकडे बघे, तो घासे, पुन्हा तिच्या हातात देई. हळूहळू ठोकळे आपोआप खाचेत बसू लागले, आणि पोरीचे हात असे भराभर चालू लागले की मकबूल कानस विसरून बघतच राहिला.

बाई फळा न्यायला आल्या तेव्हा तो गोणपाटात बांधून तयार होता. दाराशी खातून दिसली. बाईंनी तिच्या मागं टाळी वाजवली, ती वळली नाही. जमिनीवर पाय आपटला, तशी पायाखालच्या हादऱ्यानं चटकन वळली.

"चाचा, हिला ऐकू येत नाही. येडी कोण म्हणतं हिला?"

लातूरच्या मूकबधिरांच्या शाळेत राहण्या-जेवणाची सोय होती आणि एक जागा रिकामी होती. पण पोरीची समज बरी आहे असं चाचणी घेऊन लिहून द्यावं लागणार होतं. तसं नसेल तर शाळा घेत नव्हती. मकबूलला त्या रात्री झोप लागली नाही.

ठरल्या दिवशी तो खातूनला घेऊन लातूरला गेला. बाईंनी ट्रंक उघडली, गोणपाट सोडलं आणि तोच फळा टेबलावर ठेवला. खातून ओळखीचं हसली. मकबूल खुर्चीत पुढं सरकून बसला. पोर आता सगळ्यांच्या पुढं निघणार होती, त्यानं फक्त तोंड मिटून बसायचं होतं. बाईंनी घड्याळ हातात घेतलं.

"बाई, थांबा." त्यानं फळ्यावर हात ठेवला. "हिच्याच हातानं ढिला केलाय ह्यो. रोज खेळलीय ह्याच्यासंगं. आता तिनं लावला तर ते खरं न्हाई."

बाईंनी घड्याळ खाली ठेवलं. "मग यावर हिची चाचणी घेता येणार नाही, चाचा."

"ठाऊक हाय."

आपल्याच तोंडानं पोरीचं वाटोळं केलं, असं वाटून त्याला खुर्चीवर बसवेना. बाई मात्र ट्रंकेत वाकल्या आणि पुण्याहून आलेली एक छोटी पेटी काढली. चार ठोकळे ओळीनं मांडायचे, पाचव्यानं कधी यावर, कधी त्यावर टकटक करायचं आणि पोरानं तोच क्रम धरायचा. हे खातूननं कधी बघितलं नव्हतं. "तुम्ही बाहेर बसा चाचा. ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधेल."

बाहेर बाकावर मकबूलला फक्त आवाज येत होता. बाईंची टकटक, मग शांतता, मग खातूनची टकटक. क्रम बरोबर की चूक, हे कानांना कळायला मार्ग नव्हता. टकटक लांबत गेली, तशी शांतताही लांबत गेली. तो मनातल्या मनात दुआ मागत राहिला.

दार उघडलं. "पास झाली?" त्यानं विचारलं.

"यात पास-नापास नसतं." बाई हसल्या. "वयाच्या मानानं पुढं आहे तुमची नात. फळ्यावर घेतली असती तर मी हेच लिहिलं असतं, पण ते खरं आहे का हे मला कधीच कळलं नसतं."

मकबूल लहान पोरासारखा रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही.

बाईंनी चिठ्ठी दिली आणि दोघं शाळेच्या फाटकापाशी आली. आत पोरं हातांच्या खुणांनी एकमेकांशी भांडत होती, हसत होती. खातून गजांना नाक लावून बघू लागली. सहा वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. भरवलं होतं, उचललं होतं, निजवलं होतं. तिचं बोट एका मुठीत धरून मकबूल तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्याकडे बोट केलं, मग शाळेकडे. स्वतःकडे बोट केलं, मग चाकूरच्या रस्त्याकडे, कारण तिला फसवायचं नव्हतं. मग रिकामा तळवा पुढं धरला. जाशील?

तिनं एकदा चाकूरच्या रस्त्याकडे बघितलं, एकदा आतल्या पोरांकडे. मग तिनं त्याच्या मुठीतलं आपलं बोट सोडवलं, टाचा उंच केल्या आणि फाटकाची कडी स्वतःच्या हातानं काढली.