ग्यानबानं बंद केलेला पंप

कामरगावचा ग्यानबा शहात्तर सालच्या उन्हाळ्यात धरणावरच्या बोटीवर स्वयंपाकाला लागला. पाण्याची खोली मोजणारी माणसं दिवसभर बोटीवर असत, त्यांचं जेवणही तिथंच शिजे. डिझेलच्या डब्यांमुळे स्टोव्ह पेटवायला मनाई होती. एक विजेची शेगडी आणि एक लहानसा जनरेटर, एवढंच. बोट जुनी, बुडाशी पाणी झिरपायचं. ते पाणी उपसायला विजेचा पंप होता. शेगडी आणि पंप एकदम लावले की जनरेटर बंद पडे. म्हणून आधी पंप, मग शेगडी, अशी पाळी मालेगावचा गोपीचंद सांभाळायचा. पंपाचं काम त्याच्याकडे होतं.

शेगडीला वेळ कमी मिळे, त्यामुळे तुरीची डाळ कच्ची राही. एके दिवशी मोजणीच्या साहेबांनी सगळ्यांदेखत ताट सरकवलं. ग्यानबाला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी झिरपणं वाढलं होतं. सगळे छोट्या होडीतून मोजणीला निघाले, तेव्हा गोपीचंद म्हणाला, "आज पंप बंद करू नोको. डाळ कच्ची राह्यली तं राहू दे."

होडी दूर गेली आणि ग्यानबानं पंप बंद करून शेगडी लावली. अर्धाच तास, असं त्यानं ठरवलं होतं. डाळ शिजेना. आणखी थोडं, आणखी थोडं करताना त्याचे पाय ओले झाले. घाईनं त्यानं शेगडी बंद केली, पंपाचं बटण दाबलं. तोवर पाणी जनरेटरात शिरलं होतं, पंप सुरूच झाला नाही.

सगळे परतले तेव्हा बोटीची मागची बाजू पाण्यात गेली होती. साहेबांनी पंपाचं बटण चालू पाहिलं.

"पंपच बिघडला. गोपीचंद, काय देखभाल करत होतास?"

गोपीचंदनं ग्यानबाकडे पाहिलं. ग्यानबा दुपट्टा पिळत राहिला. त्याच संध्याकाळी गोपीचंदला कामावरून काढलं.

घरी ग्यानबा तीन दिवस ताटावरून तसाच उठला. चौथ्या दिवशी त्यानं बायकोला, लिलाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग मले सांगून काय होते? ज्याचं काम गेलं त्याले सांगा."

तो एसटीनं मालेगावला गेला. गोपीचंद दारातच बसला होता.

"पंप म्या बंद केला होता, भाऊ."

गोपीचंद उठून उभा राहिला. मग म्हणाला, "साहेबाले सांग."

ग्यानबानं सांगितलं. त्याची नोकरी गेली. साहेबांनी गोपीचंदला परत बोलावणं पाठवलं, पण तो गेला नाही. "पंप उघडूनही न पायता ज्यानं मले काढलं, त्याच्या बोटीवर कायले जाऊ?" म्हणाला. मालेगावात तो विहिरींवरचे पंप दुरुस्त करू लागला.

ग्यानबा पुढं रस्त्याच्या कामावर गेला. मालेगावला आला की गोपीचंदकडे थांबायचा. गोपीचंद पिकापाण्याचं बोलायचा, चहा पाजायचा. चहा पिताना ग्यानबाची नजर मात्र वर होत नसे.