सातव्याला परत घेतलं का?

आज पार्सल आलं. कॉमिक एक, भाग सहावा आणि शेवटचा. तीनशे वीस रुपये, टपालखर्च पन्नास.

ज्यांनी मागवलं ते भाऊजी गेले, त्याला आज अठरा दिवस झाले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अठराव्या वर्षी घरात भांडून फौजेत गेले, ते रिटायर होईपर्यंत उंब्रजला घरी फिरकले नाहीत. लग्नही केलं नाही.

चार वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन दारात उभे राहिले. निम्मी ट्रंक कॉमिक्सनी भरलेली. ती त्यांनी सोप्यातच ठेवली, कधी आत घेतली नाही.

मला आधी नवल वाटायचं. पांढऱ्या मिशांचा माणूस आणि उडणाऱ्या माणसांची चित्रं बघत बसतो.

मग शुगरनं त्यांची नजर अधू झाली, चित्रं धूसर दिसायची पण अक्षर लागेना. एका दुपारी अडखळत विचारलं, वाचून दाखवाल का.

मी मॅट्रिक. माझी पोथी झाली की तशीच ही दुसरी पोथी धरली. एका सुरात, न थांबता. अख्खा भाग पंधरा मिनिटांत संपवला आणि नमस्कार करून मिटला.

ते लय हसले. "वैनी, तुमी नुसतं बोलणं वाचलं. चित्रं कवा वाचणार?"

चित्रं वाचायची असतात हे मला कुठं माहीत!

मग बोट ठेवून एकेक चौकट सांगायला लागले. कोण पुढं, कोण मागं, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर.

सात जणांची टीम. एक उडणारी, एक पाण्याखाली राहणारा, एक डोंगर उचलणारा. एकीला फक्त लांबचं ऐकू येतं. म्हटलं हिचा काय उपयोग? तिसऱ्या भागात तिच्यामुळंच सगळे वाचले.

भाऊजी म्हणायचे, "मारामारी कुणीबी काढंल. मागं हुबा हाय त्यो गडी काय करतोय ते बघा. तितं जीव वतला असंल तर कॉमिक चांगलं."

बघितलं. मागं खरंच कुणी जखमीला पाणी पाजतंय, कुणी दार धरून उभं आहे. लग्नघरातल्या स्वयंपाकासारखं. सगळ्यांचे हात चालू, आणि एक जण उठून गेला की सगळं अडतं.

पाचव्या भागात सातवा, सगळ्यात ताकदीचा, भर लढाईत टीम सोडून निघून गेला. भाग तिथंच संपला.

तेव्हापासून रोज एकच प्रश्न. "वैनी, त्याला परत घेत्यात का वो?"

येऊ द्या की भाग, कळेल, असं मी म्हणायचे.

एकदा भाकरी करत होते तेव्हा चुलीजवळ येऊन म्हणाले, "सोडून गेल्याला माणूस परत आला, तर मागच्यांनी काय करावं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. ताट वाढलं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. आमच्या ह्यांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, हात जोडले. पोरांनी शब्द दिले. तास गेला.

शेवटी मी मनात औंधच्या यमाईचं नाव घेतलं आणि पुढं झाले. "भाऊजी, सहावा भाग आला की मी वाचते. चित्रांसकट."

शिवला.

म्हणून आज दुपारी देवापुढं बसून मोठ्यानं वाचलं. घाई केली नाही.

भाऊजी, ऐका.

शेवटच्या पानावर सातवा दारात उभा आहे. भिजलेला, मान खाली. आत सहा जण बाकावर बसलेत. कुणी काही विचारत नाही. पानभर एक शब्द नाही.

लांबचं ऐकणारी नुसती सरकून बसते. मग बाकीचेही सरकतात. बाकावर एका माणसाची जागा होते.

घेतलं हो त्याला.

आणि तुम्हालाही पहिल्याच दिवशी घेतलं होतं. चार वर्षं रोज ताट वाढलं, तोंडानं सांगायचं तेवढं राहिलं. चुकलं माझं.

यमाई तुम्हाला सुखात ठेवो. हे पोचलं की उलट टपाली कळवा.

तुमची वैनी