कागदाची पाठ

मल्लेश्वरममधल्या त्या पेनांच्या दुकानात मी कित्येक वर्षं जाते, पण दुकानदाराचं नाव मला ठाऊक नाही. बेळगावकडचे आहेत, मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का. शाई मागितली की आधी विचारतात, "कागद आणलाय?" मग त्या कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढतात, "स्वल्प थांबा" म्हणतात आणि कागद उलटून त्याची पाठ उजेडात धरतात. शाई पलीकडं फुटली असेल, तर बाटली मुकाट्यानं परत कपाटात जाते. गिऱ्हाईक कितीही हटून बसलं तरी ते ती विकत नाहीत.

आई गेल्यावर मी तिची वही घेऊन गेले. ती पानाच्या एकाच बाजूला लिहायची. कोऱ्या राहिलेल्या बाजूंवर मला तिला उत्तरं लिहायची होती. अण्णांना तेवढंच सांगितलं.

त्यांनी पेन उघडलं, पान दोन बोटांत चाचपलं आणि रेघ न ओढताच टोपण लावलं. खिशातली स्वतःची पेन्सिल काढली, तिचं टोक रद्दी कागदावर घासून बोथट केलं आणि माझ्यापुढं ठेवली.

"शाई नको, अक्का. आणि दाबून लिहू नका. पलीकडं आईचं अक्षर आहे."