व्हर्लिनचं पळून गेलेलं गवत

लिंडर गावात व्हर्लिन टोलेफ्सनला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याची हिरवळ, आणि दुसरी म्हणजे त्याने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता अमेरिकेतल्या आमच्या उत्तर मिनेसोटात तसं कुणीच कुणाकडे काही मागत नाही, पण व्हर्लिनने त्यातही कळस गाठला होता. एकदा तो छपरावर चढला असताना त्याची शिडी घसरून खाली पडली. तर हा पठ्ठ्या वरच बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत राहिला. लोक विचारायचे, "काय व्हर्लिन, बरं आहे ना?" हा म्हणायचा, "बरं आहे की. हवा काय छान सुटलीय." शेवटी त्याची बायको आर्डिस बाजारातून आली, तिने वर पाहिलं, आणि एक शब्द न बोलता शिडी लावली.

आमच्याकडची रीतच तशी. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "छे छे, कशाला उगाच" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, आता एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून हात पुढे करायचा. पहिल्या फटक्याला हो म्हणणारा माणूस हावरट. आणि तिसऱ्यांदा न विचारणारा? तसला माणूस लिंडरमध्ये नाहीच, असं आम्ही समजत होतो. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी.

गेल्या उन्हाळ्यात समोरचं घर डेल्मा प्रुइट नावाच्या बाईंनी घेतलं. बाई टेक्सासच्या. आवाज खणखणीत, मनात आलं की ओठावर, आणि जे ओठावर ते खरंच मनातलं. असं माणूस शेजारी राहायला आल्यावर गल्लीतले लोक जरा जपून चालायला लागले. व्हर्लिन तर पडदा सारूनच त्यांच्याकडे बघायचा.

पण आधी हिरवळीचं सांगायला हवं. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की आमच्याकडची जमीन पाणी पिऊन फुगते. तिच्यावर पाय दिला तर माती दबते, मुळं गुदमरतात आणि उन्हाळाभर तिथे गवत रुसून बसतं. हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण व्हर्लिन बर्फाचा शेवटचा तुकडा जायच्या आत हिरवळीभोवती दोरी बांधून तिला लाल चिंध्या लटकवायचा. रोज सकाळी कडेला उभा राहून बुटाचं टोक हळूच मातीवर दाबायचा. पाणी वर आलं की मान हलवून घरात जायचा. दोरीच्या आत पोस्टमन जात नसे, पाद्री जात नसे, गल्लीतला कुत्रासुद्धा वळसा घालून जाई. बर्फाखाली गवताला राखाडी जाळीदार बुरशी धरते, ती मोकळी करायची तर हा आडव्या फळीवर पालथा पडून लांब दांड्याच्या दाताळ्याने विंचरत बसायचा. आर्डिस खिडकीतून म्हणायची, "व्हर्लिन, माझे केस तू कधी इतक्या प्रेमाने विंचरलेस का रे?"

या आर्डिसने एक आगळीक केली होती. एका शरद ऋतूत व्हर्लिन मासे धरायला गेला असताना तिने रस्त्याकडेच्या गवतात कांद्यासारख्या बारीक गाठी खोचून ठेवल्या. त्याही नीट खोल नाही, अगदी वरवर. वसंतात तिथे चिमुकली निळी फुलं उगवली. हिरवळीत! जिथे एक पिवळं रानफूल दिसलं तर व्हर्लिनला रात्रीची झोप लागत नसे, तिथे निळ्या फुलांची रांगच्या रांग. तो म्हणाला, "आर्डिस, हे काढावं लागेल." ती म्हणाली, "काढ की. मी बघत बसते." त्याने काढलं नाही. दरवर्षी ती फुलं असेपर्यंत तो तिथून मशीन वळवून नेत असे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा कुरकुरत असे.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात आर्डिस वारली. त्यानंतरच्या वसंतात फुलं आली तेव्हा तो कुरकुरला नाही. कुरकुर करायची तर ऐकायला कुणीतरी लागतं. फुलं असेपर्यंत तो रोज कॉफीचा कप घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, गटार तुंबलंय का बघतोय.

तर यंदा काय झालं, सगळं वितळत आलं असताना एप्रिलमध्ये ओल्या बर्फाचं एक शेवटचं वादळ आलं. खालची जमीन तोवर मऊ झालेली. बर्फ लोटणारा ट्रक आला, वळणावर त्याचं पातं जरा आत गेलं, आणि व्हर्लिनच्या रस्त्याकडेच्या हिरवळीची लांबच लांब पट्टी मुळांसकट खरवडून गुंडाळली गेली. ट्रकने तो गुंडाळा बर्फासोबत पलीकडे नेऊन टाकला. चार दिवसांनी बर्फ वितळला तेव्हा व्हर्लिनला आपल्या दारात एक लांबोडका काळा खड्डा दिसला. आणि समोर, डेल्माबाईंच्या पायरीपाशी, जिथे गेलं वर्षभर नुसती माती होती, तिथे एक हिरवी पट्टी जाजमासारखी अंथरलेली दिसली. बाई झारीने तिला पाणी घालत होत्या.

गवत गेलं ते व्हर्लिनने कसंही निभावून नेलं असतं. पण वरवर खोचलेल्या त्या गाठी पट्टीबरोबर गेल्या होत्या. आर्डिसची फुलं यंदा समोरच्या घरी उगवणार होती.

तो स्वच्छ दाढी करून समोर गेला.

"बर्फ गेला," तो म्हणाला.

"गेला एकदाचा मेला!" डेल्माबाई म्हणाल्या. "या ना. हे बघा, ही गंमत. ढिगाऱ्यातून गवत निघालं! मी म्हटलं, आलंय तर लावून टाकू. अहो, पण तुमच्याकडे तो खड्डा पडलाय, हे तुमचंच तर नाही ना? असेल तर घेऊन जा हो."

झालं. एवढ्या सहज! व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला. आणि मग सत्तर वर्षांची सवय तोंडातून बाहेर आली.

"छे छे, राहू द्या."

"नक्की? न्यायचं तर न्या, मला काही वाटणार नाही."

"नाही हो, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

आता तो हात किंचित पुढे करून तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिला.

"बरं, मग ठेवते!" डेल्माबाई खूश होऊन म्हणाल्या. "कॉफी घेता?"

"नको."

"बरं तर," म्हणून बाई आत निघून गेल्या आणि दार लागलं. व्हर्लिन पायरीवर तसाच उभा. गवतही गेलं आणि कॉफीही.

पुढचे काही दिवस त्याने सूचक बोलण्याचा सपाटा लावला. फाटकाशी जाऊन म्हणाला, "माझ्याकडे खड्डा फारच मोठा दिसतोय." बाई म्हणाल्या, "मग माती टाका की!" तो म्हणाला, "माझ्या बायकोला निळा रंग आवडायचा." बाई म्हणाल्या, "मला बाई पिवळा." तो फीत घेऊन गेला, आधी आपला खड्डा मोजला, मग बाईंच्या देखत त्यांची पट्टी मोजली, आणि दोन्हींचं माप अगदी तंतोतंत आल्याचं मोठ्याने जाहीर केलं. बाई म्हणाल्या, "काय योगायोग आहे!" शेवटी काहीच सुचेना तेव्हा तो रोज तिकडे जाऊन पट्टीला पाणी घालायला लागला. डेल्माबाईंनी सगळ्या गावात सांगितलं की असा शेजारी नशिबाने मिळतो.

पेट्रोल पंपाच्या दुकानात सकाळी म्हाताऱ्यांचा अड्डा जमतो. तिथे त्याचा शाळेपासूनचा दोस्त मिल्टन हॉगे त्याला म्हणाला, "व्हर्ल्या, लेका, सरळ माग ना."

"माग म्हणजे?"

"म्हणजे तोंड उघडायचं, आणि म्हणायचं, ते माझं आहे, मला द्या."

व्हर्लिनने आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. "असं म्हणायचं? बाईमाणसाला? तोंडावर?"

"मग काय पाठीवर?"

"तू कधी काही मागितलंयस का रे?"

मिल्टनने बराच वेळ विचार केला. "नाही," तो म्हणाला, आणि दोघं मुकाट्याने कॉफी प्यायले.

इकडे ऊन चढत होतं. पट्टीतून गर्द हिरवी, जाडसर पाती वर आली, आणि त्यांच्या मध्ये बारीक निळसर टोकं दिसायला लागली. व्हर्लिन रोज झारी घेऊन वाकायचा तेव्हा त्यांच्याशी काहीतरी पुटपुटायचा. काय, ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

शनिवारी सकाळी तो आपल्या हिरवळीच्या घराकडच्या कडेला बूट दाबून बघत होता. पाणी वर आलं. त्याने मान हलवली. तेवढ्यात समोर मशीन ओढल्याचा खडखडाट आला. डेल्माबाईंनी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं होतं, आणि त्या खाली बसून त्याचं पातं सगळ्यात खालच्या खाचेत बसवत होत्या.

"डेल्माबाई! हे काय?" तो तिथूनच ओरडला.

"वसंत आला ना!" बाई ओरडल्या. "आमच्या टेक्सासला वसंत आला की गवताची अगदी गुळगुळीत हजामत करतात! मग कसं झकास फुटतं!"

तुमच्या टेक्सासच्या गवताचं काही का असेना, आमच्याकडच्या गवताचा त्यात निकाल लागतो. पण व्हर्लिनला गवत दिसतच नव्हतं. यंत्र सुरू झालं, वळलं, आणि पायरीच्या दिशेने निघालं.

हिरवळीला वळसा घालून जायला वेळ नव्हता. व्हर्लिन टोलेफ्सन आपल्याच दोरीवरून उडी मारून हिरवळीत घुसला. पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं. दुसरं त्याहून खोल गेलं. एक बूट चिखलाने ठेवून घेतला. पलीकडच्या दोरीत त्याचा पाय अडकला, ती खुंट्यांसकट उपटली, आणि लाल चिंध्यांची ती शेपटी ओढत, एका पायात बूट आणि एका पायात चिखल अशा थाटात तो रस्ता ओलांडून यंत्रापुढे जाऊन आडवा उभा राहिला. पलीकडे पोस्टमन थिजल्यासारखा थांबला. त्याने त्या हिरवळीत आजवर चिमणीसुद्धा उतरलेली पाहिली नव्हती.

"थांबा! माझं आहे ते!" व्हर्लिन ओरडला. "माझ्या आर्डिसची फुलं आहेत त्यात! मला ती हवीत!"

डेल्माबाईंनी यंत्र बंद केलं. सगळीकडे शांतता झाली. आपण काय बोललो ते व्हर्लिनच्या कानावर आत्ता कुठे पडलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"अहो, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी दोनदा विचारलं तुम्हाला!"

"दोनदाच विचारलंत," व्हर्लिन खाली मान घालून म्हणाला.

"म्हणजे?"

तेव्हा त्याने सांगितलं. पहिलं नको, दुसरं छे छे, आणि मग तिसरं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की ही रीत आजवर कुणी कुणाला सांगितलीच नव्हती. "आर्डिस विचारायची तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "कायम. कधी कधी तर चौथ्यांदासुद्धा. ती गेल्यापासून लोक दोनदा विचारतात आणि म्हणतात, राहू दे, त्याला एकटं राहायचंय." मग तो वाकून पायात अडकलेली दोरी सोडवायला लागला.

डेल्माबाईंनी यंत्र ढकलत आत नेऊन ठेवलं.

दुपारी मिल्टन नातवंडांची बर्फावरची घसरगाडी घेऊन आला. तिघांनी मिळून ती पट्टी सोडवली, घसरगाडीवर निजवली आणि पावलापावलाने रस्ता ओलांडून नेली. पोस्टमनने येणारी मोटार अडवून धरली. खड्ड्यात ती अशी चपखल बसली की शिवण दिसेना. व्हर्लिनने फळी न टाकता, सरळ हिरवळीत गुडघे टेकून ती थोपटली.

मग त्याने फावड्याने पट्टीच्या टोकाचा एक चौकोनी तुकडा कापला, निळ्या कळ्यांसकट, आणि डेल्माबाईंपुढे धरला. "घ्या. तुमच्या पायरीपाशी लावा."

"नको हो," डेल्माबाई म्हणाल्या.

"घ्या ना."

"छे छे, कशाला उगाच."

टेक्सासची बाई, नको म्हणजे नको, असं समजून व्हर्लिन हिरमुसला होऊन तुकडा परत ठेवायला वाकला.

"अहो!" मागून खणखणीत आवाज आला. "अजून एकदा विचारायचं राहिलंय!"

मिल्टन इतका हसला की त्याला घसरगाडीवर बसावं लागलं. व्हर्लिनने तुकडा पुन्हा पुढे धरला आणि आर्डिस विचारायची तसं तिसऱ्यांदा विचारलं. बाई म्हणाल्या, "बरं, आता एवढं म्हणताच आहात तर."

हिरवळीतले त्याच्या पावलांचे खळगे उन्हाळाभर तसेच होते. त्याने ते बुजवले नाहीत, आणि दोरीही पुन्हा बांधली नाही. फुलं दोन्ही दारांत एकाच आठवड्यात उमलली, आणि त्या सकाळी तो कप न घेताच रस्त्याच्या कडेला उभा होता. डेल्माबाई पायरीवर आल्या, एक मोठा श्वास घेतला, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं एका दमात ओरडल्या,

"कॉफी घेता? घेता? घेता?"

व्हर्लिनला नको म्हणायला फटच उरली नव्हती.

"घेतो," तो म्हणाला.