आधी झाडायचं, मग पाहायचं

काका गेल्याची बातमी मला मोबाईलवर समजली. मेहकरच्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळपासून कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस चालला होता. केकचा फोटो, त्याखाली शुभेच्छा, आणि त्या शुभेच्छांच्या मधेच एक ओळ... ‘टायपिंगवाले देविदास काका पहाटे गेले.’ मग हात जोडलेली चित्रं पडायला लागली. घाईघाईत एकाने काकांना फुलांचा गुच्छ पाठवला आणि वाढदिवसाच्या पोराला श्रद्धांजली. थोड्या वेळाने त्याने दोन्ही पुसून टाकलं. मी बुलढाण्याला कचेरीत होते. साहेबांना सांगून निघाले, चिखलीवरून एसटीने मेहकर गाठलं, तोवर सगळं आटोपलं होतं. स्मशानात सोबत गेलेली माणसं आंघोळी करून आपापल्या दुकानांत बसलीसुद्धा होती. काकू ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. “उशीर झाला व ज्योती तुले,” एवढंच म्हणाल्या. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते अजून टोचतं.

मी जानेफळची. बाबा भाजीपाला पिकवायचे, आई बाजारात बसायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. मेहकरला कॉलेजात येऊ लागले तेव्हा कुणीतरी सांगितलं, टायपिंग शिकून घे, नोकरीला उपयोगी पडतं. काकांचा टायपिंगचा वर्ग बसस्टँडजवळच्या गल्लीत होता. पत्र्याखाली ओळीने मशिनी, आणि त्यांच्या खडखडाटातही कुणाचं बोट चुकलं हे बरोब्बर ओळखणारे काका. आज मी ज्या खुर्चीवर बसते ती त्यांच्यामुळे, हे मी कुठेही सांगायला लाजत नाही. पण मला त्यांच्याविषयी लिहायचंय ते टायपिंगसाठी नाही. ते रविवारांसाठी.

रविवारी वर्ग बंद असायचा आणि काका जुन्या जागा पाहायला निघायचे. कधी सिंदखेडराजाचा राजवाडा, कधी लोणारची देवळं, कधी कुठल्यातरी खेड्यातली गढी, बारव, कुणाचं शंभर वर्षांचं राहतं घर. बरोबर येईल त्याला न्यायचे. वर्गातली पोरं चेष्टा करायची. “काका, आज कोन्या भुताच्या घरी?” काका पिशवी खांद्याला लावता लावता म्हणायचे, “तुह्याच सासरी चाललो बे. निरोप हाय का काही?” मला जायची फार इच्छा होती, पण आमच्याकडे मुलीला रविवारी असं कुणाबरोबर पाठवण्याची पद्धत नव्हती. तेव्हा काका स्वतः जानेफळला आले. बाबा वांग्यांची पाटी भरत होते. बाबांनी विचारलं, “पडक्या भिंती पाहून पोरीले काय भेटन, मास्तर?” काका खाली बसले, पाटीतलं एक वांगं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “काही भेटत नाही. पन कोनी भेटासाठीच सारं करते का? येऊ दे तिले.” बाबा हसले. आईने माझ्यासोबत धाकट्या बहिणीला धाडायचं ठरवलं आणि मी सुटले.

पहिल्यांदा आम्ही मेहकरातच कंचनीच्या महालावर गेलो. मला वाटलं होतं काका आता इतिहास सांगतील. काकांनी पिशवीतून शिंदीच्या पानांचा एक आखूड फडा काढला, मूठ जुन्या धोतराच्या पट्टीने बांधलेला, आणि माझ्या हातात दिला. घरात आपण ज्याने केर काढतो तोच फडा. म्हणाले, “आधी झाडायचं, मग पाहायचं.” आम्ही आळीपाळीने झाडलं. बकऱ्यांच्या लेंड्या, पानपुड्या, बाटल्यांच्या काचा. माझं कंबरडं मोडलं. घरी हेच करते, इथे येऊन पुन्हा हेच, असा विचार मनात आला आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार. काका म्हणाले, “उभ्याउभ्या नुसतं छत दिसते व. झाडाले वाकलं का उंबरा दिसते, त्याचा झिजेल दगड दिसते. मान्सं कोन्या बाजूनं येत-जात होते, ते तिथं समजते.” मी पाहिलं. दगड खरंच एका बाजूने जास्त खोलगट होता. त्याआधी मी त्या महालाकडे लहानपणापासून बसच्या खिडकीतून शंभरदा पाहिलं असेल... पण पाहिलं नव्हतं.

त्यांचा हा नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा गावातले एक डॉक्टर पांढरे बूट घालून आले. म्हणाले, मी पाहायला आलोय, झाडायला नाही. काका शांतपणे म्हणाले, “मंग फोटोच पाहा ना डॉक्टरसाहेब, घरबसल्या. धूळही लागत नाही.” डॉक्टर पुन्हा आले नाहीत. एका ठिकाणी पहारेकऱ्याने अडवलं, काका, आमच्याकडे झाडायला माणसं आहेत. “मंग त्याहीच्या हाताखाली झाडतो,” काका म्हणाले आणि पहारेकरी हसत बाजूला झाला. गावात लोक त्यांना मागून ‘झाडूवाला’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं. आज तेच लोक त्यांना वारसाप्रेमी म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना जराही अडखळत नाहीत.

या सगळ्या जागांमध्ये काकांनी जीव लावलेली जागा एकच होती. जानेफळच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, एका खेड्यात दिगंबरभाऊंचं घर. घर चांगलं नांदतं, धडधाकट. वर एक माडी, आणि माडीतल्या एका खोलीच्या चारही भिंतींवर जुनी चित्रं. कुणी काढली, केव्हा, घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. एक मिरवणूक होती. हत्ती, घोडे, तुतारीवाले, डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या शेवटी खिडकीखाली एक कुत्रं, मिरवणूक पुढे निघून गेली तरी मागे बसून मागच्या पायाने कान खाजवणारं. काका त्या कुत्र्यापुढे हमखास मांडी घालून बसायचे. म्हणायचे, “एवढ्या मिरवणुकीत हा एकटाच रिकामा. पाह्य, तो मीच हाय.” आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीत सोयाबीनची पोती रचलेली होती, आणि दिगंबरभाऊ दारात उभे राहून गंमत बघत होते. “काका, या भिंतीत सोनं दडेल हाय का? का उंदरं मोजाले येता?” पण दर दोन-चार महिन्यांनी माणसं यायला लागली, कुणी शिक्षक, कुणी पोरं, कुणी फोटो काढणारा, तसे भाऊ बदलले. पोती भिंतीपासून हात-दोन हात मागे सरकली. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पाहुण्यांना चहा ठरलेला. आपल्या घरात पाहण्यासारखं काही आहे, या गोष्टीने त्या माणसाची छाती फुगली होती, आणि तो आनंद खोटा नव्हता.

काकांची एकच इच्छा होती. त्या खोलीची कुठेतरी नोंद व्हावी, जाणत्या माणसाने येऊन ती पाहावी, पोपडे सुटत होते त्यांवर योग्य तो इलाज व्हावा. त्यासाठी ते पुरातत्त्व खात्याच्या किती कचेऱ्यांत किती वेळ बाकावर बसले असतील ते तेच जाणोत. मी तोवर नोकरी लागून बुलढाण्याला आले होते. लग्न झालं, पोरं झाली, रविवार माझे राहिले नाहीत. काका कामासाठी बुलढाण्याला आले की माझ्याकडे जेवायचे आणि दरवेळी तेच सांगायचे, “एक साहेब येतो म्हनते. येऊन राह्यला.” मग एकदा फोनवर म्हणाले, साहेब नक्की येणार, दिवस ठरला. लहान मुलासारखा आवाज होता. “दिगंबरले सांगतलं, खोली साफ ठेवजो बाप्पा. तो म्हनला, काका, तुम्ही सांगतल्यावर कसर ठेवतो का?”

त्यानंतर फोन आला नाही. मीच केला तेव्हा म्हणाले, साहेब येऊन गेला. काय म्हणाला विचारलं तर, “चहा पेला, गेला.” बस. नंतरच्या दिवाळीत मी भेटायला गेले. टायपिंगच्या मशिनी केव्हाच भंगारात गेल्या होत्या आणि पत्र्याखाली आता कुणाचं तरी मोबाईलचं दुकान होतं. काका घरात खाटेवर बसले होते. मी म्हटलं, काका, रविवारी कुठे जायचं? पोरांनाही आणते. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. “आता नाही जमत व.” मी म्हटलं, दिगंबरभाऊंच्या माडीवर तरी जाऊ, पोरांना तुमचं कुत्रं दाखवू. काका काकूंना म्हणाले, “ज्योतीले फराळाचं दे.” ती आमची शेवटची भेट. मी गुडघ्यांवर विश्वास ठेवला.

तेरवी झाल्यानंतर गावातल्या काही मंडळींनी शोकसभा घेतली. काकांचा हार घातलेला फोटो, माईक, ओळीने भाषणं. पडक्या जागांचा नाद सोडा म्हणून ज्यांनी काकांना तोंडावर ऐकवलं होतं, त्यांनीही भाषण केलं. मग दिगंबरभाऊ उठले. माईक हातात धरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खरं होतं. म्हणाले, “काकानं माह्यं घर जगाले दाखोलं. त्याहीच्या एका शब्दावर साहेब यायच्या आधी मी पुरी खोली नवी केली. मेहकराहून पेंटर आनले. ऑइलपेंट. पुसलं का लखलख होते.” टाळ्या पडल्या. मला आधी समजलंच नाही. मग समजलं. लगेच कुणीतरी उठून जाहीर केलं की काकांच्या स्मरणार्थ आपण गावाची जुनी वेस रंगवून घेऊ. भाऊ म्हणाले, पेंटर माझा, मी पाठवतो. पुन्हा टाळ्या. मी उभी राहिले. म्हटलं, रंग नको, दगडाला रंग लावू नका... काकांच्या नावाने काही करायचंच असेल तर ती जागा फक्त झाडून ठेवा. मग अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई भावनिक झाल्या आहेत, साहजिक आहे.” आणि मलाही टाळ्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी मी जीप करून त्या खेड्यात गेले. भाऊंनी मोठ्या प्रेमाने माडीवर नेलं. खोली आभाळी निळी होती. खाली गुलाबी पट्टा, आणि दाराच्या आतल्या बाजूला वळणदार अक्षरांत ‘सुस्वागतम्’. हत्ती नाही, तुतारीवाले नाहीत, बाया नाहीत. खिडकीखाली जिथे कुत्रं बसलेलं असायचं तिथे बटणांचा बोर्ड आला होता आणि भाऊंच्या सुनेचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. साहेबांनी विचारलं नाही का, चित्रं कुठायत म्हणून? “इचारलं ना. म्हनलं, साहेब, ते लय जुनं झालं होतं, पोपडे निघत होते. आता पक्का रंग देला. साहेब काही बोलले नाही. फोटो काढला आमच्यासंगं.” मी विचारलं, आणि काका? “काका तं साहेबाच्या आधीच आलते, सकाळी. पेंटर गेले का गेले, तेवढ्यात. उभे राह्यले बराच वेळ. मी इचारलं, कसं वाटते काका? तं म्हनले, खोली मोठी दिसते आता.” भाऊ आनंदाने हसले. मग त्यांनी मलाही तेच विचारलं, “तुम्हाले कशी वाटते ताई?” सूनबाई चहा घेऊन आली होती. मी चहा घेतला.

परतताना जीपमध्ये मला राग आवरत नव्हता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. भाऊंवर काढावा तर त्या माणसाने पाहुण्यासाठी घरातलं उत्तम तेच केलं होतं. आमच्याकडे कुणी यायचं म्हटलं की आधी चुना मारतात, माझ्या बाबांनीही मला पाहायला पाहुणे येणार म्हणून पुढची भिंत रंगवली होती. साहेब चहा पिऊन गेले, त्यांच्यावर रागावून काय होणार? मग मला काकांचाच राग आला. एवढ्या मोठ्या डॉक्टरला तोंडावर बोलणारा माणूस त्या सकाळी का बोलला नाही? पेंटरला परत बोलावून, रंग ओला असतानाच काही करता आलं नसतं का... का त्यांना दिसलं, की खोली साफ ठेव म्हणून सांगणारे आपणच? हे मी आता कुणाला विचारू?

संध्याकाळच्या बसच्या आधी काकूंकडे गेले. त्यांनी आतून काकांची पिशवी आणली. “हे तू ने. माह्यानं ठेववतही नाही, फेकवतही नाही.” पिशवीत पाण्याची बाटली, गमछा आणि तो फडा होता. मूठ तीच, धोतराच्या पट्टीची. मी तो बाहेर काढला तर टोकं हाताला कडक लागली. उजेडात धरलं. शिंदीची पानं टोकाशी एकमेकांना चिकटून वाळली होती, आभाळी निळी.

म्हणजे त्या सकाळी काकांनी खोली झाडली होती. फरशीवर रंग सांडलेला, ओला, समोर निळी भिंत, आणि हा माणूस वाकून झाडत होता, नेहमीसारखा. आता तो फडा माझ्या बुलढाण्याच्या घरी दाराआड टांगलेला आहे. कामाला येणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलंय, याला हात लावायचा नाही. काहीही झाडायला तो आता कामाचा राहिलेला नाही. काकांचा नियम काकांनी शेवटपर्यंत पाळला. आधी झाडलं. मग मान वर करून पाहिलं असेल, तेव्हा तिथे पाहायला काही नव्हतं.