फ्रान्सच्या पाहुण्याला झेंडूचा हार

हसणार नसाल तर सांगतो. तसे तुम्ही हसणारच, तेव्हा सांगूनच टाकतो.

महाडात माइक माझ्याशिवाय कुणी धरत नाही. सत्कार असो नाहीतर शोकसभा, सूत्रसंचालक मीच. त्यामुळे शहरातल्या एका संग्रहालयाची फ्रेंच चित्रं गावोगाव फिरत आमच्या सभागृहात आली, तेव्हा उद्घाटनालाही मीच. संग्रहालयाच्या मॅडमनी सकाळीच बजावलं, "चित्राला कुणाचं बोट जरी लागलं, तरी सगळं पेट्यांत भरून आम्ही परत जाऊ."

"मॅडम, मी आहे ना," मी म्हटलं.

उद्घाटक होत्या वरंधच्या सरपंच काकू. त्या आल्या. समई तयार, हार तयार, पण प्रतिमा कुठाय? प्रतिमापूजनाशिवाय आपल्याकडे कार्यक्रम सुरू होतो का कधी? मॅडम आतल्या दालनात. इतक्यात दिसले. स्टेजच्या कडेला, स्टँडवर, सोनेरी चौकटीत, काचेआड एक दाढीवाले आजोबा.

काकूंनी विचारलं, "हार ह्यांनाच ना रे?"

"ह्यांनाच."

"कोन म्हनायचे हे?"

"थोर चित्रकार, काकू. फ्रान्सचे."

काकूंनी हार घातला, काचेवर बरोबर कपाळाच्या जागी कुंकू लावलं. मग काय, मला चेव आला. "बालपण हलाखीत गेलं. आई लवकर गेली. पण हातातला कुंचला सुटला नाही." हेच भाषण मी आधी एका शोकसभेत केलं होतं, तिथे कुंचल्याच्या जागी नांगर होता. बायका फुलं वाहायला रांगेत उभ्या राहिल्या, कुणीतरी उदबत्तीही लावली. मी सगळ्या सभागृहाला श्रद्धांजलीसाठी उभं केलं.

आणि मॅडम बाहेर आल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गुपचूप हार काढला, रुमालाने काच पुसली, चौकट निरखून पाहिली. आता पेट्या भरल्या, तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"काच होती म्हणून वाचलं," त्या म्हणाल्या. "भिंतीला खिळा ठोकेपर्यंत जरा इथे ठेवलं होतं."

मग त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. आजवर ही हिंमत कुणी केली नव्हती. "चित्राचं नाव 'अनोळखी गृहस्थ'. हे कोण, कुठले, अजून कुणालाच कळलेलं नाही."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. काकू म्हणाल्या, "मंग ह्यांची आई लवकर गेली, ते तुला कुनी सांगितलं रे?"

प्रदर्शन झालं, छान झालं. माइकही अजून माझ्याकडेच आहे. फक्त परवा एका शोकसभेत बोलायला उभा राहिलो, तर पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "आधी सांग, मानूस वळखीचा हाय ना?"